निवड माझी, किंमत कोणाची?

१८४०च्या दशकात डेन्मार्कमधल्या काही बाप्टिस्ट कुटुंबांनी आपल्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. श्रद्धा ही जाणत्या वयात ज्याची त्याने पत्करायची गोष्ट आहे. पाळण्यातले मूल ती कशी पत्करणार? पण डेन्मार्कमधले लुथरन चर्च हे राजाचे चर्च होते, धर्मगुरू सरकारी पगारी नोकर होते आणि जन्माची नोंदही चर्चच्याच वहीत होत असे. बाप्तिस्मा नाकारणे म्हणजे सरकारशी वाकडे घेणे. तेव्हा वरून हुकूम निघाला, की आईबाप ऐकत नसतील तर पोलिसांकरवी मूल आणवावे आणि विधी उरकून घ्यावा. चर्चचा प्रमुख बिशप म्युन्स्टर या सक्तीच्या बाजूने ठाम उभा होता. एका खेड्यातल्या धर्मगुरूने मात्र बिशपचा रोष पत्करून असा बाप्तिस्मा द्यायचे साफ नाकारले. त्याचे नाव पीटर क्रिश्चन किर्केगार्ड.

पीटरचा धाकटा भाऊ सोरेन किर्केगार्ड याने हाच प्रश्न अधिक खोल नेला. पोलिसाने आणवलेल्या मुलाचा बाप्तिस्मा हास्यास्पद वाटतो, हे खरे. पण घरच्यांनी हौसेने, नातेवाईक जमवून केलेला बाप्तिस्मा तरी मुलाचा स्वतःचा कुठे असतो? दोन्हीकडे मूल झोपलेलेच असते. दुसऱ्या घरी पोलिसाची गरज पडत नाही, एवढाच फरक. ज्या देशात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण आपोआप ख्रिस्ती ठरतो, त्या देशात ख्रिस्ती होणे शक्य तरी आहे का, हा सोरेनच्या सगळ्या लेखनाचा कणा आहे.

मराठी वाचकाला अस्तित्ववाद भेटला तो बहुतेक वेळा सार्त्र आणि काम्यू या फ्रेंच लेखकांच्या हाताला धरून. त्यामुळे या शब्दाबरोबर परात्मता, निरर्थकता, महायुद्धानंतरचा उदास युरोप अशी चित्रे येतात. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली, तिच्यातल्या पांडुरंग सांगवीकरालाही समीक्षकांनी याच रांगेत नेऊन बसवले, आणि अस्तित्ववाद म्हणजे तरुण माणसाला जडणारा वैताग असा एक समज पक्का झाला. हा समज अपुरा आहे. शंभर वर्षे मागे गेले तर या विचाराच्या मुळाशी, म्हणजे किर्केगार्डपाशी, वैताग सापडत नाही, श्रद्धेचा प्रश्न सापडतो. मी जे मानतो ते खरोखर मी मानतो का, की ते माझ्याकडून मानून घेतले गेले आहे? हा प्रश्न आस्तिकाला जितका लागू आहे, तितकाच नास्तिकालाही. या प्रश्नाने माणसाला मोकळे केले असे माझे मत आहे. तसाच तो अर्धवटही राहिला आणि त्या अर्धवटपणातून धोका निर्माण झाला, असेही मला वाटते.

आधी ‘मी’ म्हणजे काय ते पाहू. सोरेनचा बाप मिखाएल हा लहानपणी जटलंडच्या माळरानावर मेंढ्या राखणारा गरीब पोर होता. थंडीने आणि भुकेने जेरीस येऊन त्याने एकदा टेकडीवर उभे राहून देवाला शाप दिला. पुढे तो कोपनहेगनमध्ये लोकरीच्या व्यापारात गबर झाला, पण तो शाप त्याच्या मनातून गेला नाही. सात मुलांपैकी पाच मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. आपल्या पापाची फेड म्हणून एकही मूल ख्रिस्ताच्या वयापुढे, म्हणजे ३३ वर्षांपुढे जगणार नाही, अशी त्याची खात्री होती आणि ती खात्री त्याने मुलांच्या मनातही उतरवली. सोरेन ३४ वर्षांचा झाला तेव्हा त्याला स्वतःलाच नवल वाटले. ज्याच्या वाट्याला असा वारसा आला, त्याने ‘मी कोण’ या प्रश्नाला ‘मी एका शापित घराण्याचा मुलगा’ असे उत्तर दिले असते तर कोणी दोष दिला नसता. त्याने ते उत्तर पुरेसे मानले नाही.

१८४९ साली त्याने एका टोपणनावाने ‘मरणान्तक आजार’ हे पुस्तक लिहिले. हा आजार म्हणजे निराशा. पण परीक्षेत नापास झालेल्याची किंवा प्रेमभंग झालेल्याची ही निराशा नाही. स्वतःशी असलेले नाते बिघडणे, याला तो निराशा म्हणतो. माणूस दोन गोष्टींचा बनलेला आहे. एक, जे त्याला मिळालेले आहे: आईबाप, शरीर, भाषा, जात, गाव, झालेल्या चुका. दुसरी, जे त्याला अजून करता येण्यासारखे आहे. या दोहोंची सांगड घालण्याचे काम म्हणजे ‘स्व’. ते काम आयते झालेले मिळत नाही आणि एकदा करून संपतही नाही. जो फक्त शक्यतांमध्ये रमतो, तो मनोराज्यात हरवतो. जो फक्त मिळालेल्यालाच कवटाळून बसतो, तो गुदमरतो. दुसरा प्रकार आपल्या फार ओळखीचा आहे. ‘आमचा स्वभावच असा’, ‘आमच्या घराण्यात हे चालत नाही’, ‘नशिबात नव्हते’ ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा ऐकतो! प्रत्येक वाक्यात वर्तमानाची जबाबदारी भूतकाळाच्या गळ्यात घातलेली असते.

किर्केगार्डचे सगळ्यात अस्वस्थ करणारे निरीक्षण पुढचे आहे. पैशाचे पाकीट हरवले तर माणसाला लगेच कळते, पण स्वतःला हरवून बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो नोकरी करतो, लग्न करतो, मुलांना शाळेत घालतो, सभासमारंभात मान मिळवतो. समाजाला त्याच्यात काही कमी दिसत नाही. उलट असा माणूस समाजाला सोयीचा असतो.

मग माणसे स्वतः निवडण्याचे का टाळतात? याचे उत्तर त्याने १८४४च्या ‘चिंतेची संकल्पना’ या पुस्तकात दिले होते. भीतीला विषय असतो: साप, कर्ज, साहेब. चिंतेला तसा नेमका विषय नसतो. आपल्याला काहीही करता येईल, हे जाणवले की येणारी घेरी म्हणजे ही चिंता. पुढे सार्त्रने कड्याच्या काठाने जाणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट उलगडली. पाय घसरेल का, ही भीती झाली. पण मी स्वतःहून उडी मारू शकतो आणि मला अडवणारे माझ्याशिवाय कोणी नाही, हे लक्षात येते तेव्हा जे वाटते ती चिंता. स्वातंत्र्याचा पहिला अनुभव आनंदाचा नसतो, तो असा घेरीचा असतो. म्हणून माणूस कठडा शोधतो. रूढी, पक्ष, गुरू, पंचांग, शास्त्र, ‘लोक काय म्हणतील’ हे सगळे कठडे आहेत.

कठडा वाईटच असतो असे नाही, पण तो आपणच निवडलेला असतो, हे विसरता कामा नये. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या गाजलेल्या व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. जर्मनव्याप्त फ्रान्समधला हा मुलगा. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडील शत्रूला अनुकूल, म्हणून आईशी बेबनाव. आईला आता हा एकच आधार. मुलाला भावाच्या मरणाची भरपाई म्हणून इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे होते, आणि आपण गेलो तर आई खचून जाईल हेही कळत होते. शेजाऱ्यावर प्रेम करा, असे धर्म सांगतो, पण इथे शेजारी कोण, आई की देश? माणसाला साधन मानू नका, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो, पण आईजवळ राहिले तर लढणारे साधन ठरतात आणि लढायला गेले तर आई. सार्त्रचे उत्तर होते: तू स्वतंत्र आहेस, निवड. हे उत्तर अनेकांना निष्ठुर वाटते. पण त्यातली खोच अशी, की सल्ला मागायला कोणाकडे जायचे हे ठरवतानाच अर्धा निर्णय झालेला असतो. धर्मगुरूकडे जाणाऱ्याला आपण काय ऐकणार आहोत ते साधारण माहीत असते.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तिथे हे फार स्पष्ट दिसते. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि सगळ्यांनी टक लावून बघत राहायचे. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. निर्णय देवाने दिला, असे सगळे म्हणतात. पण कोणत्या देवळात जायचे, प्रश्न कोणत्या शब्दांत मांडायचा, कौल मानायचा की महिन्याभराने पुन्हा लावायचा, हे माणसानेच ठरवलेले असते. म्हणून कौल खोटा ठरतो असे मला म्हणायचे नाही. अनिश्चित काळात माणसाला धीर लागतो आणि तो कौलातून मिळतो. माझे म्हणणे एवढेच, की पाकळी पडली तरी जबाबदारी पडत नाही. ती जिथे होती तिथेच, लावणाऱ्याच्या अंगावर राहते.

इथपर्यंत अस्तित्ववादी विचार मला बिनतोड वाटतो. यापुढे मात्र पाय जपून टाकावा लागतो.

ऑक्टोबर १८४३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भय आणि कंप’ या पुस्तकात किर्केगार्डने अब्राहमची गोष्ट घेतली. म्हातारपणी झालेला मुलगा इसहाक, देवाची आज्ञा होते की त्याचा बळी दे. अब्राहम गाढवावर खोगीर चढवतो, लाकडे फोडतो आणि तीन दिवसांचा प्रवास करून मोरियाच्या डोंगरावर जातो. या तीन दिवसांवर किर्केगार्ड खिळून राहतो. प्रवचनकार ही गोष्ट पाच मिनिटांत सांगून, देवदूत अब्राहमला थांबवतो आणि मुलाऐवजी मेंढ्याचा बळी जातो, त्या शेवटापाशी येतात. अब्राहमला मात्र ते तीन दिवस पावलापावलाने चालावे लागले. ग्रीकांच्या अगामेम्नॉननेही मुलीचा बळी दिला, पण त्याचे कारण सगळ्या सैन्याला कळत होते आणि त्याच्याबरोबर रडणारे लोक होते. अब्राहमला कोणाला काही सांगता येत नाही. नीती म्हणते, हा खून आहे. श्रद्धा म्हणते, हा यज्ञ आहे. नीतीच्या पलीकडे जाऊन एकटा माणूस देवासमोर उभा राहतो. या एकटेपणाला किर्केगार्ड श्रद्धा म्हणतो, आणि तिच्यासमोर आपण थरथरतो हेही कबूल करतो.

पुस्तक विलक्षण आहे. पण वाचता वाचता लक्षात येते, की त्यात सगळा प्रकाश अब्राहमवर आहे. धडधड अब्राहमच्या छातीत, कसोटी अब्राहमची, गौरवही अब्राहमचा. सुरी मात्र इसहाकच्या मानेवर आहे. बायबलमध्ये इसहाक वाटेत एकच प्रश्न विचारतो, की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण बळीचे कोकरू कुठे आहे? त्याला कोणी काही विचारलेले नाही. बापाच्या श्रद्धेची किंमत मुलगा मोजणार आहे.

ही अडचण इतरांच्याही लक्षात आली होती. कांटने १७९८ साली, किर्केगार्डच्या जन्माआधीच, लिहून ठेवले होते की अब्राहमने त्या आवाजाला उलट उत्तर द्यायला हवे होते. मुलाला मारू नये हे मला नक्की माहीत आहे, तू देव आहेस हे मात्र नक्की माहीत नाही, असा त्या उत्तराचा आशय. सार्त्रनेही तोच धागा धरला: देवदूत आला असेलही, पण तो देवदूतच आहे आणि तो माझ्याशीच बोलतो आहे, हे ठरवणारा मीच. नाझींच्या हातून आपले आईबाप आणि भाऊ गमावलेल्या इमॅन्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाने तर किर्केगार्डच्या वाचनावर थेट बोट ठेवले. अब्राहमने सुरी उचलली यात मोठेपण नाही, ‘थांब’ म्हणणारा दुसरा आवाज त्याला ऐकू आला यात आहे. पहिला आवाज ऐकू येणारे पुष्कळ असतात. देवाच्या, राष्ट्राच्या, क्रांतीच्या नावाने हातात सुरी घेतलेल्यांना दुसरा आवाज ऐकू येत नाही, ही खरी शोकांतिका आहे.

किर्केगार्डच्या आयुष्यातही एक इसहाक होती. सप्टेंबर १८४०मध्ये त्याने रेगिने ओल्सेन या तरुणीला मागणी घातली आणि १८४१च्या शरदात ठरलेले लग्न मोडले. आपल्या मनातला काळोख आणि आपले लेखनकार्य यांत संसार बसणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. रेगिनेने विनवण्या केल्या, तिचे वडीलही त्याच्याशी बोलले. तिने आपल्याला विसरावे म्हणून त्याने मुद्दाम नालायक माणसासारखे वागून दाखवले आणि मग बर्लिनला निघून गेला. ‘भय आणि कंप’ ही या घटनेची छाया आहे, हे अभ्यासक सांगत आले आहेत. बळी आपण दिला असे त्याला वाटत होते, आणि दुःख त्यालाही झाले यात शंका नाही. त्याने मृत्युपत्रात उरलेसुरले सगळे रेगिनेच्या नावे केले. पण तिने काय सोसायचे याचा निर्णय तिला न विचारता घेतला गेला होता. एका माणसाच्या अस्सलपणाचे बिल दुसऱ्या माणसाच्या नावावर फाडले गेले. रेगिनेने पुढे लग्न केले, आणि मृत्युपत्राची बातमी आल्यावर काही पत्रे आणि वस्तू तेवढ्या ठेवून बाकीचा वारसा नाकारला.

उलट चित्रही त्याच्याच आयुष्यात आहे. बिशप म्युन्स्टर जानेवारी १८५४मध्ये वारला. तो ‘सत्याचा साक्षीदार’ होता, असे त्याच्या जागेवर येऊ पाहणाऱ्या मार्टेन्सेनने जाहीर केले. ज्याने सरकारी पगार, मानमरातब आणि राजदरबार यांच्या सावलीत ख्रिस्ताचे दारिद्र्य शिकवले, त्याला साक्षीदार म्हणायचे? किर्केगार्डने त्या वर्षाच्या अखेरीस उघड हल्ला चढवला. आधी वृत्तपत्रातून, मग ‘क्षण’ या स्वतःच्या पत्रिकेतून. तिचे नऊ अंक निघाले. बापाने ठेवलेला पैसा संपत आला होता. काही वर्षांपूर्वी एका उपहासात्मक साप्ताहिकाने त्याच्या आखूड-लांब विजारींची व्यंगचित्रे छापून त्याला शहरभर टवाळीचा विषय केले होते, आता प्रतिष्ठितांनीही पाठ फिरवली. ऑक्टोबर १८५५मध्ये तो रस्त्यात कोसळला. इस्पितळात त्याचा बालमित्र, जो स्वतः धर्मगुरू होता, त्याने अखेरचे प्रभुभोजन घेणार का असे विचारले. घेईन, पण धर्मगुरूच्या हातून नाही, साध्या माणसाच्या हातून, असे उत्तर मिळाले. धर्मगुरू हे राजाचे नोकर आहेत, असे त्याचे म्हणणे होते. तसा माणूस काही मिळाला नाही. ११ नोव्हेंबरला, वयाच्या ४२व्या वर्षी, तो प्रभुभोजनावाचूनच गेला. इथे निवड त्याची होती आणि किंमतही त्यानेच मोजली. रेगिनेच्या प्रकरणातला किर्केगार्ड आणि इस्पितळातला किर्केगार्ड दोघेही ‘अस्सल’ होते. पण दोघांचे वजन सारखे नाही, आणि ते का सारखे नाही हे सांगायला नुसता अस्सलपणा अपुरा पडतो.

तो किती अपुरा पडतो, हे विसाव्या शतकाने भीषण रीतीने दाखवले. माणूस ‘लोकांसारखा’ जगत राहतो आणि स्वतःचे जगणे विसरतो, हे विश्लेषण जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने १९२७मध्ये जितके बारकाईने केले तितके क्वचितच कोणी केले असेल. तोच हायडेगर १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षाचा सभासदही. गर्दीचे इतके सूक्ष्म वर्णन करणारा इतिहासातल्या सर्वांत क्रूर गर्दीत सामील झाला. निर्धाराने निवडा, एवढेच सांगितले की काय निवडायचे आणि कोणाच्या जिवावर, हा रकाना कोरा राहतो. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआरने १९४७मध्ये नेमका हाच रकाना भरायचा प्रयत्न केला. तिचे म्हणणे असे, की स्वतःचे स्वातंत्र्य हवे असणाऱ्याला इतरांचेही स्वातंत्र्य हवे असलेच पाहिजे, नाहीतर त्याचे स्वातंत्र्य ही नुसती मुजोरी असते.

आता किर्केगार्डच्या दुसऱ्या एका गृहीताकडे येऊ. गर्दीत सत्य नसते, असे तो हट्टाने सांगतो. श्रद्धा एकट्याने पत्करायची असते. मग समूहाने केलेली निवड ही खरी निवड असूच शकत नाही का? या प्रश्नाचे उत्तर कोपनहेगनमध्ये मिळत नाही, ते नागपुरात मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर काही अस्तित्ववादी नव्हते. पण जन्माने आलेला धर्म आणि निवडून घेतलेला धर्म यांतला फरक त्यांच्याइतका निकराने भारतात कोणी मांडलेला नाही. आपण हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात केली. बौद्ध धर्माची दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधली २१ वर्षे त्यांनी अब्राहमसारखे मौन धरले नाही. शीख, ख्रिस्ती, इस्लाम, बौद्ध अशा धर्मांचा विचार केला. १९३६च्या मुंबईतल्या परिषदेत धर्मांतर का आणि कशासाठी, हे लोकांसमोर मुद्देसूद मांडले. विरोधकांना उत्तरे दिली. त्यांची श्रद्धा कारणे द्यायला तयार होती. ज्यांच्या आयुष्यावर तिचा परिणाम होणार होता, त्यांच्याशी ती आधी बोलली.

नागपूरच्या मैदानावर लाखोंची गर्दी होती. पण बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. प्रत्येकाने ‘मी’ म्हणायचे होते: काय मानणार नाही, काय करणार नाही, कसे वागणार. गर्दीत उभे राहूनही प्रत्येकाने आपल्यापुरता शब्द दिला. आणि किंमत? अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश होण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. राज्य सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव जागा यांपासून धर्मांतरित ३४ वर्षे दूर राहिले. नवा धर्म त्यांनी सवलतींसाठी घेतला असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही. सुरी दुसऱ्याच्या मानेवर नव्हती. झळ सोसली ती निवडणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरांनी. एकट्याची निवड खरी आणि समूहाची खोटी, हे किर्केगार्डचे समीकरण इथे मोडते.

तरीही एक प्रश्न किर्केगार्ड परत घेऊन येतोच. १९५६ साली ज्यांनी प्रतिज्ञा घेतली, त्यांच्या नातवंडांचे काय? ती आता जन्मानेच बौद्ध आहेत. घरात बुद्धाची मूर्ती आहे, शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना वडिलांनी भरला आहे. किर्केगार्डने १८४४मध्येच म्हटले होते, की श्रद्धेच्या बाबतीत कोणतीही पिढी पुढे उभी नसते. ख्रिस्ताच्या समोर बसलेला शिष्य आणि अठराशे वर्षांनंतरचा माणूस, दोघांना सुरुवात सुरुवातीपासूनच करावी लागते. आजोबांचे बंड नातवाला वारशाने मिळाले की ती रूढी होते. हे बौद्धांना लागू आहे, तसेच वारकऱ्याच्या घरी जन्मून गळ्यात आयती माळ पडलेल्यालाही, आणि वडिलांनी देवघर काढून टाकले म्हणून स्वतःला विवेकवादी समजणाऱ्या मुलालाही. आयती आलेली अश्रद्धा ही आयत्या श्रद्धेइतकीच पोकळ असते.

काम्यूच्या ‘प्लेग’ या १९४७च्या कादंबरीत देव न मानणारा डॉक्टर रिय आणि फादर पानलू एका लहान मुलाचे तडफडून मरणे शेजारी शेजारी उभे राहून पाहतात. दोघांचे निष्कर्ष वेगळे आहेत, वाद जुंपतो. पण प्लेगच्या रोग्यांसाठी ते एकाच पथकात राबतात. माणूस काय मानतो यापेक्षा मानलेल्या गोष्टीचा भार कोणावर टाकतो, हे काम्यूने तिथे तपासले आहे. मलाही तीच कसोटी पटते.

आपल्या राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसरीकडे धर्म बदलण्याआधी जिल्हा प्रशासनाला कळवावे लागेल, असे कायदे काही राज्यांनी केले आहेत. जबरदस्ती आणि आमिष यांना आळा हवा, याबद्दल दुमत नाही. पण जन्माने मिळालेला धर्म पाळायला कोणाची परवानगी लागत नाही आणि विचार करून घेतलेल्या धर्माला मात्र सरकारी चौकशीतून जावे लागते, तेव्हा आपण नकळत म्युन्स्टरच्या बाजूला जाऊन उभे राहतो. झोपलेल्या मुलाच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो, जाग्या माणसाच्या श्रद्धेवर बसत नाही.

वाडवडिलांकडून आलेले सगळे टाकून द्या, असे अस्तित्ववाद सांगत नाही, मीही सांगत नाही. आषाढीला पंढरपूरला जा, चैत्यभूमीवर जा, चर्चमध्ये किंवा मशिदीत जा, नाहीतर कुठेच जाऊ नका. पण आयुष्यात एकदा तरी त्यावर स्वतःची सही करा. आणि सही करण्याआधी पाहून घ्या, की या श्रद्धेची किंमत आपण मोजतो आहोत की घरातली बायको, मुलगी, शेजारचा वेगळ्या धर्माचा माणूस किंवा अजून न जन्मलेले कोणी. आपल्या श्रद्धेचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत असेल तर ती श्रद्धा कितीही उत्कट असो, ती स्वातंत्र्याची खूण नाही. ती सत्तेची खूण आहे.